लिनक्स कर्नलचा डीएमए एपीआय : ड्रायव्हर लिहिणाऱ्याच्या नजरेतून

प्रोसेसरला मध्ये न घेता उपकरणाने थेट मेमरीत वाचायचे आणि लिहायचे, ही डीएमएची (डायरेक्ट मेमरी ॲक्सेस) कल्पना सोपी आहे. अवघड आहे ते प्रत्येक उपकरणाची मर्यादा सांभाळणे. जुन्या पीसीत कार्डे जोडणाऱ्या आयएसए बसवर पत्ता 24 बिटांचाच असल्यामुळे पहिल्या 16 एमबीपलीकडची मेमरी उपकरणाला दिसतच नसे, आणि 8237 या डीएमए कंट्रोलर चिपच्या 8 बिटी चॅनेलवर एका हस्तांतरणात 64 केबीची सीमा ओलांडता येत नसे. तो काळ मागे पडला, तरी फक्त 32 बिटांचे पत्ते देऊ शकणारी, म्हणजेच 4 जीबीच्या वर पोहोचू न शकणारी उपकरणे आजही सर्रास वापरात आहेत. अशा मर्यादा ड्रायव्हरकडून ऐकून घेऊन त्या निभावून नेण्याचे काम लिनक्समध्ये डीएमए एपीआय, म्हणजे ड्रायव्हरने बोलावायच्या फंक्शनांचा संच, करतो, आणि माझ्या मते कर्नलमधील सर्वांत विचारपूर्वक घडवलेल्या भागांपैकी तो एक आहे.

त्याचे खरे बळ मर्यादा जाहीर करण्याच्या पद्धतीत आहे. ड्रायव्हरने सुरुवातीलाच ‘डीएमए_सेट_मास्क_अँड_कोहेरंट’ या फंक्शनला आपल्या उपकरणाचे पत्ते किती बिटांचे आहेत ते सांगायचे; यालाच मास्क म्हणतात. ती मर्यादा कशी पाळायची हे पुढे कर्नल ठरवतो. यंत्रात आयओएमएमयू, म्हणजे उपकरणाने वापरलेले पत्ते भौतिक पत्त्यांत बदलणारे हार्डवेअर, असेल, तर उपकरणाला त्याच्या आवाक्यातला पत्ता दिला जातो आणि त्यामागे कुठलेही भौतिक पान जोडले जाते. बसची स्वतःची मर्यादा असेल, तर तीही ड्रायव्हरला माहीत असण्याची गरज नसते. रास्पबेरी पाय 4 मधील काही पेरिफेरल पहिल्या 1 जीबीपर्यंतच पोहोचतात. ही गोष्ट डिव्हाइस ट्रीमधील, म्हणजे बोर्डावरील हार्डवेअरचे वर्णन करणाऱ्या फाइलमधील, ‘डीएमए-रेंजेस’ या नोंदीत सांगितली जाते आणि कर्नल तिथून ती उचलतो. उपकरणाची मर्यादा एकीकडे आणि बोर्डाची दुसरीकडे, अशी ही विभागणी अतिशय योग्य आहे.

आयओएमएमयू नसेल तेव्हा मात्र या एपीआयची खरी कसोटी लागते. समजा, 16 जीबी मेमरीच्या यंत्रात 32 बिटी नेटवर्क कार्ड आहे आणि पॅकेटचा बफर 9 जीबीच्या आसपासच्या पत्त्यावर आहे. बफर उपकरणाच्या हवाली करण्यासाठी, म्हणजे मॅप करण्यासाठी, ड्रायव्हरने ‘डीएमए_मॅप_सिंगल’ बोलावले की कर्नल खालच्या मेमरीत राखून ठेवलेल्या बाउन्स बफरमधून, जो सहसा 64 एमबीचा असतो, 2 केबीच्या मापाचे पुरेसे रकाने शोधतो, त्यांत मजकूर उतरवतो आणि उपकरणाला त्या रकान्यांचा पत्ता देतो. पॅकेट येणारे असेल, तर हीच नक्कल उलट दिशेने, अनमॅप (बफर परत घेणे) किंवा सिंक (मॅपिंग तसेच ठेवून मजकूर ताजा करणे) करतेवेळी होते. म्हणून सिंक न करताच बफर वाचणाऱ्या ड्रायव्हरला इथे जुनेच बाइट मिळतात, आणि तोच ड्रायव्हर कमी मेमरीच्या पीसीवर निर्धोक चालतो. एका मॅपिंगला सलग 128 रकाने, म्हणजे 256 केबी, एवढीच जागा मिळू शकते. त्याहून मोठी विनंती अपयशी ठरते, आणि ही कमाल मर्यादा आधी विचारून घेण्याची सोय ‘डीएमए_मॅक्स_मॅपिंग_साइझ’ मध्ये आहे. राखीव जागा भरली तर मॅपिंगच होत नाही. 6.6 आवृत्तीपासून ती जागा गरजेनुसार वाढवण्याचा पर्याय मिळाला, ही स्वागतार्ह सुधारणा होय.

माझी मुख्य तक्रार इथेच आहे. ही सगळी नक्कल मुकाट्याने होते. पीसीआय या प्रचलित बसवरील उपकरणाचा मास्क मुळात 32 बिटांचा धरला जातो. 64 बिटी उपकरणाच्या ड्रायव्हरने तो वाढवला नाही, तर आयओएमएमयू नसलेल्या यंत्रावर 4 जीबीच्या वरचा प्रत्येक बफर विनाकारण नकलला जातो, वेग घसरतो, प्रोसेसरवरचा भार वाढतो, आणि लॉगमध्ये त्याबद्दल चकार शब्द नसतो. शोधणाऱ्यासाठी ट्रेसपॉइंट, म्हणजे हवी तेव्हा चालू करता येणारी नोंद, आहे हे खरे, पण शोधायचे आहे हे कळण्यासाठी आधी शंका यावी लागते. उपकरणामागे एकदाच छापलेली एक ओळही पुरेशी झाली असती.

दुसरी उणीव मांडणीची आहे. पत्त्याचा मास्क एका फंक्शनमध्ये, सेगमेंटचा, म्हणजे एका सलग तुकड्याचा, कमाल आकार दुसऱ्यात, सेगमेंटने न ओलांडायची सीमा तिसऱ्यात, आणि डिस्कचा ड्रायव्हर असेल तर ब्लॉक लेयरच्या, म्हणजे डिस्कच्या विनंत्या हाताळणाऱ्या कर्नलच्या भागाच्या, मर्यादा आणखी वेगळ्या. सेगमेंटचा आकार ड्रायव्हरने सांगितला नाही तर 64 केबी धरला जातो. फ्रीबीएसडी या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या ‘बस_डीएमए’ मध्ये संरेखन (पत्ता कशाच्या पटीत हवा ते), सीमा, पत्त्याची मर्यादा, सेगमेंटची संख्या आणि आकार हे सारे एकाच टॅगमध्ये नोंदवले जाते. त्या फंक्शनच्या आर्ग्युमेंटची यादी लांबलचक आहे, तरीही हार्डवेअरची मर्यादा एका जागी वाचता येणे मला अधिक मोलाचे वाटते.

काही बारकावे दस्तऐवजात लिहिलेले असूनही निसटतात. विखुरलेल्या तुकड्यांची यादी एकदम मॅप करणारे ‘डीएमए_मॅप_एसजी’ शेजारचे तुकडे जोडून तुकड्यांची कमी संख्या परत देऊ शकते. उपकरणाला तीच संख्या द्यायची, अनमॅप करताना मात्र मूळ संख्या द्यायची. मॅपिंग फसले की नाही हे पत्ता शून्य आहे का यावरून ठरवणेही चूक आहे, कारण शून्य हा वैध पत्ता असू शकतो. त्यासाठी ‘डीएमए_मॅपिंग_एरर’ च वापरावे लागते.

या चुका पकडण्यासाठी कर्नलने दिलेली साधने मात्र उत्तम आहेत. डीएमए एपीआयचे डीबगिंग चालू करून कर्नल बांधला, तर न तपासलेले मॅपिंग, वेगळ्या आकाराने केलेले अनमॅप आणि ड्रायव्हर काढल्यावर मागे उरलेली मॅपिंग, या सर्वांची इशारेवजा नोंद होते. त्याच्या जोडीला बूट करताना बाउन्स बफरची सक्ती करणारा पर्याय दिला, तर मेमरी कितीही कमी असली तरी प्रत्येक स्ट्रीमिंग मॅपिंग (एकेका हस्तांतरणापुरते केलेले मॅपिंग) नकलेच्या वाटेनेच जाते, आणि सिंक विसरलेला ड्रायव्हर विकसकाच्या टेबलावरच उघडा पडतो.