कंपनी नाल्यात काय सोडते हे काढायचंय? वेबसाइट, रजिस्टर की आरटीआय

आमच्याकडे घणसोलीत रात्री अकरानंतर नाल्याचा असा काही वास सुटतो की खिडक्या लावून बसायचं, आणि सोसायटीच्या ग्रुपवर दर आठवड्याला तोच प्रश्न, ती वरची कंपनी सोडते तरी काय. गेटवर विचारायला गेलो तर वॉचमन म्हणाला ते कॉन्फिडेन्शिअल आहे साहेब. आणि गंमत म्हणजे त्याच्या मागेच बोर्ड लावलेला, कारण धोकादायक कचरा निघणाऱ्या युनिटने सांडपाण्याची माहिती गेटबाहेर लावायची असा सुप्रीम कोर्टाचा २००३ चा आदेशच आहे. आकड्यांच्या जागा मात्र रिकाम्या होत्या.

मग सगळे म्हणतात आरटीआय टाका. टाका की, पण तो सगळ्यात स्लो रस्ता आहे, त्याआधी दोन सोपे आहेत.

पहिला म्हणजे एमपीसीबीची, म्हणजे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची वेबसाइट, तिथे कंपन्यांना दिलेले कन्सेंट, म्हणजे मंडळाची परवानगीपत्रं, टाकलेले असतात. फुकट, घरबसल्या, आणि कोणाला कळतही नाही तुम्ही बघितलंत ते. फक्त कंपनीचं कागदावरचं नाव लागतं, ते कधीकधी पाटीवरच्या नावापेक्षा वेगळंच निघतं. कन्सेंटमध्ये रोज किती पाणी सोडायची परवानगी, सीओडी बीओडीची (पाणी किती घाण आहे ते सांगणारे आकडे) लिमिट, मुदत कधी संपते हे सगळं मिळतं. पण हे झालं काय सोडायला परवानगी आहे ते, खरंच काय सोडतायत ते नाही, आणि लोक इथेच फसतात.

दुसरा रस्ता फार कमी जणांना माहितीये. १९७४ च्या पाणी कायद्यात कलम २५(६) आहे, त्यात मंडळाने कन्सेंटच्या अटींचं रजिस्टर ठेवायचं आणि त्यातला आउटलेटचा (पाणी बाहेर पडतं त्या तोंडाचा), सांडपाण्याचा भाग ज्याला त्रास होतो त्याला किंवा त्याने पाठवलेल्या माणसाला बघू द्यायचा असं लिहिलंय. म्हणजे सोसायटीतले एखादे रिटायर्ड काका पाठवले तरी चालतं. कलम नंबर कागदावर लिहून न्या, तोंडी विचारलंत तर समोरचा गोंधळतो. साइटवर कन्सेंट सापडला नाही किंवा जुना निघाला तरच हा हेलपाटा घाला, कारण इथेही अटीच दिसणार, खरंच काय सोडतायत त्याचा रिपोर्ट नाही.

रिपोर्ट हवा असेल तर मग आरटीआय. १० रुपये फी, ३० दिवस, कारण सांगायची गरज नाही. आपल्या राज्यात अर्ज साधारण १५० शब्दांत आणि एकाच विषयावर हवा, त्यामुळे रडगाणं लिहू नका. आणि कॉन्फिडेन्शिअलचा खरा खेळ इथे होतो बरं का. तुम्ही "कंपनीची सगळी फाइल द्या" म्हणालात की त्यात कच्चा माल, प्रोसेस असलं सगळं आलं, मग माहिती अधिकारी आरटीआय कायद्याच्या कलम ११ खाली ५ दिवसांत कंपनीला नोटीस काढतो, कंपनीला हरकत घ्यायला १० दिवस, निर्णय ४० दिवसांपर्यंत लांबतो आणि शेवटी कलम ८(१)(d) दाखवून ट्रेड सिक्रेट म्हणून नकार येऊ शकतो. अमेरिकेत सांडपाण्याचे आकडे गुप्त ठेवताच येत नाहीत असं पाण्याच्या कायद्यातच आहे, आपल्याकडे इतकं थेट लिहिलेलं नाही, म्हणून सगळं तुमच्या शब्दांवर येतं.

माझं मत विचाराल तर गेटच्या आत डोकावूच नका, जे बाहेर पडतं तेवढंच मागा. मंडळाचे लोक येऊन सॅम्पल घेतात त्याला जेव्हीएस (जॉइंट व्हिजिलन्स सॅम्पल) म्हणतात, तो आकडा मंडळाच्या स्वतःच्या सॅम्पलचा, कंपनीने विश्वासाने दिलेला नाही, आणि सीओडी ४०० आला म्हणून कोणाचा फॉर्म्युला फुटत नाही. तरी कोणी अडवलं तर कलम १० दाखवा, गुप्त भाग झाकून बाकीचं द्यावं लागतं. मुदतीत उत्तर नाही आलं तर मुदत संपल्यापासून ३० दिवसांत प्रथम अपील.

कोर्टातच जायचं असेल तर पाणी कायद्याच्या कलम ४९ ची ६० दिवसांची नोटीस वेगळी, त्यासाठी वकील बघा.

मी शेवटी एवढंच टाकलं: "सदर कंपनीच्या आउटलेटवरून गेल्या १२ महिन्यांत घेतलेल्या सर्व जेव्हीएस नमुन्यांचे तारखेसह विश्लेषण अहवाल व त्यावर काढलेल्या नोटिसांच्या प्रती द्याव्यात."