बावन्न की एकावन्न? चैतसिकांचा अभ्यास कुठून सुरू करावा

बडोद्यातल्या आमच्या वाचनगटात नवीन येणारा बहुधा हेच विचारतो: पाली बौद्ध ग्रंथांतले 52 चेतसिक (चित्तासोबत उठणाऱ्या मनोवृत्ती) आधी घ्यावेत की संस्कृतातले 51 चैतसिक? आकड्यांवर जाऊ नका. खरा फरक स्मृतीला (पालीत सति, म्हणजे ध्यानात ठेवणं, भान) कुठे बसवलंय त्यात आहे.

अनुरुद्धाचार्यांच्या ‘अभिधम्मत्थसङ्गहा’त, म्हणजे पाली परंपरेच्या पाठ्यग्रंथात, स्पर्श, वेदना, चेतना वगैरे 7 चेतसिक प्रत्येक चित्तात असतात; पुढे 6 प्रकीर्णक (कधी असणारे, कधी नसणारे), 14 अकुशल (वाईट), 25 शोभन (चांगल्या चित्तातले). सति या शोभनांत येते. चोरीला निघालेला माणूस पहारा कधी बदलतो हे पक्कं ध्यानात ठेवतो, पण अट्ठकथा (जुने पाली टीकाग्रंथ) त्याला सति म्हणत नाहीत. म्हणजे सति आहे त्या क्षणी लोभ-द्वेष नाहीच. असंगांच्या ‘अभिधर्मसमुच्चया’त, म्हणजे संस्कृत यादीच्या ग्रंथात, मात्र स्मृती 5 विनियतांपैकी (ठरावीक विषयावरच उठणाऱ्या चैतसिकांपैकी) एक: ओळखीचा विषय न विसरणं हे तिचं काम, चित्त चांगलं असो वा वाईट. तिथे नुसत्या स्मृतीवर विसंबता येत नाही. जोडीला अप्रमादासारखे (सावधपणासारखे) कुशल, म्हणजे चांगले, चैतसिकही हवेत. ध्यानाला बसणाऱ्याला हा फरक रोज जाणवेल.

रागाच्या बाबतीत मला संस्कृत यादीच सरस वाटते. पालीत दोसाच्या (द्वेषाच्या) गटात इस्सा (मत्सर), मच्छरिय (कंजूषपणा), कुक्कुच्च (केल्या-न केल्याची रुखरुख) एवढेच. असंग प्रतिघाला (द्वेषाला) मूळ क्लेश, म्हणजे मनाचा मूळ मळ, मानतात आणि 20 उपक्लेशांत (दुय्यम मळांत) क्रोध, उपनाह, प्रदाश वेगळे काढतात. गाडी लावण्यावरून शेजाऱ्याशी वाजलं, हात उगारावासा वाटला, तो क्रोध. आठवडाभर मनात धरून ठेवलं, तो उपनाह. मग बोलताना टोचून बोललो, तो प्रदाश. स्वतःचं मन असं उलगडून पाहायला मिळणं ही फार मोलाची गोष्ट आहे.

वसुबंधूंच्या ‘अभिधर्मकोशा’त, आणखी एका संस्कृत ग्रंथात, 46 चैतसिक आहेत; ते नंतर पाहा.

रोज ध्यानाला बसत असाल तर पालीपासूनच सुरुवात करा. ‘अभिधम्मत्थसङ्गहा’वरची धर्मानंद कोसंबींची पाली ‘नवनीत-टीका’ देवनागरीत आहे. याच कोसंबींना सयाजीरावांनी दरमहा 50 रुपये देऊन अभ्यासासाठी मोकळं केलं होतं, म्हणून बडोदेकराने ती हातात घ्यावी असं मला मनापासून वाटतं. संस्कृत चांगलं असेल आणि स्वभावाचे कंगोरे तपासायचे असतील तर असंग घ्या. फक्त 1950 च्या शांतिनिकेतन आवृत्तीत बराच भाग तिबेटी-चिनी भाषांतरांवरून पुन्हा रचलेला आहे. कोणता, ते पाहूनच शब्दांवर भर द्या.