गोव्यातील गावगटांसाठी व्हॉट्सअ‍ॅप कितपत योग्य? एक परीक्षण

दोन माणसांच्या खासगी बोलण्यासाठी व्हॉट्सअ‍ॅप ही चांगली सेवा आहे. गावाचा सूचनाफलक म्हणून आपण तिचा जो वापर करतो, त्यात मात्र गोपनीयताही राहत नाही आणि खरे-खोटेही कळत नाही, असे माझे मत झाले आहे. फोंडा, डिचोली, सत्तरी, पेडणे या तालुक्यांत जत्रेची वर्गणी, देवस्थानच्या महाजनांची बैठक, ग्रामसभेची सूचना, भजनी सप्ताहाच्या पाळ्या आणि कोणाच्या घरचे दुःखद वृत्त, असे सारे काही आता याच ठिकाणी कळवले जाते. असे गट चालवणाऱ्या अ‍ॅडमिन मंडळींना डोळ्यांसमोर ठेवून हे परीक्षण लिहिले आहे.

आधी जे चांगले आहे ते सांगतो. २०१६ पासून येथील खासगी संदेश आणि कॉल एंड-टू-एंड एन्क्रिप्शनने कुलूपबंद असतात. पाठवणारा आणि घेणारा यांच्याखेरीज तो मजकूर वाटेत कोणालाही, अगदी कंपनीलाही, वाचता येत नाही. ही सोय फुकट आणि आपोआप मिळते, तिच्यासाठी कोणतीही सेटिंग शोधावी लागत नाही. परंतु कुलूप फक्त मजकुराला आहे. आपण कोणाशी, केव्हा आणि किती वेळा बोलतो याची माहिती त्या कुलपात येत नाही, आणि संपर्कयादी पाहण्याची परवानगी दिली की ज्यांनी हे अ‍ॅप कधी उघडलेही नाही त्यांचे क्रमांकही कंपनीकडे जातात. २०२१ च्या गोपनीयता धोरणाच्या सक्तीबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपची मालक असलेल्या मेटा कंपनीला २१३.१४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला व कंपनीने त्याविरुद्ध अपील केले. हे सारे जमेस धरूनही खासगी संभाषणासाठी मी या सेवेला पाचपैकी चार गुण देतो.

गटांची गोष्ट याहून गंभीर आहे. एका गटात १,०२४ सदस्य मावतात आणि प्रत्येकाला इतर सर्वांचे फोन क्रमांक दिसतात. जत्रा समितीच्या गटात मुंबईला स्थायिक झालेले महाजन, मंडपवाला, नाटक ठरवून देणारा आणि कोणाच्या तरी ओळखीचा कोणीतरी, असे सगळे आले की गावातल्या मुलींचे आणि एकट्या राहणाऱ्या वृद्धांचे क्रमांक पूर्णपणे अनोळखी माणसांच्या हाती पडतात, आणि एकदा गेलेला क्रमांक परत घेता येत नाही. आपल्याला गटात कोणी घालावे हे २०१९ पासून ठरवता येते. मात्र ती निवड मुळात ‘सर्वजण’ अशीच ठेवलेली असते. मला हा या सेवेचा सर्वांत मोठा दोष वाटतो, कारण ज्यांना संरक्षणाची अधिक गरज आहे त्यांनाच सेटिंगमध्ये शिरणे जमत नाही. अ‍ॅडमिनने घरोघरी जाऊन ती निवड ‘माझे संपर्क’ अशी करून द्यावी. निव्वळ सूचनाच द्यायच्या असतील, तर पंचायतीने आणि देवस्थान समितीने २०२३ मध्ये आलेली चॅनलची सोय वापरावी, कारण तेथे एका अनुयायाचा क्रमांक दुसऱ्याला दिसत नाही. चॅनलवरच्या मजकुराला कुलूप नसते, पण ग्रामसभेची तारीख कोणापासून लपवायची आहे? आज ज्या पद्धतीने गट चालतात, त्यांना दोनच गुण.

अफवांच्या बाबतीत कंपनीला उशिरा जाग आली. धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून, जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच निरपराध माणसांना ठार मारले. त्याच महिन्यात भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आली, आणि एप्रिल २०२० पासून दुहेरी बाणाची खूण असलेला, अनेकदा पुढे गेलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. त्यामुळे वेग कमी होतो, हे मान्य. पण तोच मजकूर कॉपी करून नव्याने चिकटवला की खूण नाहीशी होते, आणि तो गावातल्याच माणसाने स्वतः पाहून लिहिल्यासारखा दिसू लागतो. म्हादईचे पाणी चढत असताना दुसऱ्याच राज्यातला जुना व्हिडिओ अंजुणे धरणाचा म्हणून सत्तरीतील गटांत येऊन पडला तर काय होईल, याचा विचार करावा. तो मामांनी किंवा शाळेतल्या बाईंनी पाठवलेला असेल, आणि आपण मजकूर न तपासता पाठवणारा कोण तेवढेच पाहू. जलस्रोत खाते किंवा जिल्हाधिकारी कार्यालयाची सूचना पाहिल्याशिवाय असे काही पुढे धाडू नये, हा नियम गटाच्या वर्णनातच लिहून ठेवावा, आणि कोणाचाही संदेश सर्वांसाठी काढून टाकण्याचा अ‍ॅडमिनचा अधिकार संकोच न करता वापरावा, मग पाठवणारा वयाने कितीही मोठा असो. संदेशाचा पहिला पाठवणारा शोधून देण्याची जी अट २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत आहे आणि जिला कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले, तिच्या बाबतीत मी कुलपाच्या बाजूने आहे. अफवा पसरवणारे पकडण्यासाठी प्रत्येकाच्या संभाषणाचा माग ठेवणे मला मान्य नाही.

ओळखीच्या चोरीबद्दल फारच थोडे बोलले जाते. या सेवेत नाव आणि छायाचित्र कोणीही कोणाचेही लावू शकतो, त्यामुळे ‘हा माझा नवा क्रमांक’ असे सांगून पैसे मागणाऱ्याला आधी जुन्या क्रमांकावर फोन करून पारखावे, आणि पैसे गेलेच तर विलंब न लावता सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या हेल्पलाइनवर कळवावे. आपल्या खात्यासाठी दोन टप्प्यांच्या पडताळणीचा सहा अंकी पिन आजच लावावा. मोरजी, मांद्रे, हरमल भागात खोल्या भाड्याने देणाऱ्यांच्या फोनमध्ये पाहुण्यांच्या आधार कार्डांची छायाचित्रे साठत जातात आणि बॅकअपमधूनही शिल्लक राहतात. बॅकअपला एन्क्रिप्शन हवे असेल तर ते आपणच चालू करावे लागते. तेव्हा पाहुण्याने, जेथे चालेल तेथे, पहिले आठ अंक झाकलेले मास्क्ड आधार पाठवावे, आणि घरमालकाने नोंद पुरी होताच ते चित्र फोनमधून व बॅकअपमधून काढून टाकावे.