मुंबई–लंडन किती लांब? अंतर-कॅल्क्युलेटर काही महिने वापरल्यावर

भाऊ लंडनला असतो, त्यामुळे आई-बाबांची ये-जा चालूच असते. तिकिटं काढणं आणि आईच्या इन्सुलिनच्या वेळा बसवणं माझ्याकडे. डॉक्टरांनी तिथल्या घड्याळात किती वाजले ते न बघता दोन डोसांमधले तास मोजायला सांगितलंय, म्हणून प्रवासाचे खरे तास आधी कळणं मला फार गरजेचं वाटतं. त्यासाठी दोन शहरांची नावं टाकली की अंतर आणि उड्डाणाचा वेळ सांगणारी एक वेबसाइट मी गेले काही महिने वापरतेय. अंतरासाठी तिला पैकीच्या पैकी गुण, वेळेसाठी निम्मे.

मुंबई ते हीथ्रो सुमारे 7,200 किमी, हा आकडा चोख आहे. पृथ्वीगोलावर दोरा ताणून धरावा तशी ही सर्वांत जवळची वाट. ती कराचीजवळून पूर्व इराण, कॅस्पियनचं दक्षिण टोक, तिबिलिसीचा परिसर, काळा समुद्र आणि पश्चिम युक्रेन अशी जाते. अडचण इथेच आहे. युक्रेनचं आकाश फेब्रुवारी 2022 पासून प्रवासी विमानांना बंद आहे. पाकिस्तानने एप्रिल 2025 मध्ये भारतीय विमानांना मनाई केली आणि ती मुदत महिन्यामहिन्याने वाढवत नेली. त्यामुळे भारतीय कंपनीचं विमान अरबी समुद्रावरून ओमानच्या बाजूने वळसा घेतं, परदेशी कंपनीला तो घ्यावा लागेलच असं नाही. एकाच दिवशी, त्याच दोन शहरांमध्ये, कंपनी बदलली की तास बदलतात. कॅल्क्युलेटरला याचा पत्ताच नसतो.

दुसरी उणीव मला जास्त खटकते. जाण्याचा आणि येण्याचा वेळ तो एकच दाखवतो. अंतराला ताशी साधारण 850-900 किमीने भागायचं, चढ-उताराची थोडी मिनिटं मिळवायची, झालं. प्रत्यक्षात वेळापत्रकात जाताना दहाच्या आसपास आणि येताना नऊच्या आसपास तास असतात. कारण वरचा वारा. नऊ ते बारा किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट प्रवाह वाहतो, हिवाळ्यात तो ताशी 200 किमीच्याही पुढे जातो. येताना तो विमानाला ढकलतो, जाताना आडवा येतो. वाऱ्याचं बळ किती, हे दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को मार्गावर नीट दिसतं. एअर इंडियाने 2016 मध्ये ते विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. अंतर वाढून सुमारे 15,300 किमी झालं, तरी वारा पाठीशी असल्याने वेळ वाचला.

म्हणून आता माझी पद्धत ठरली आहे. अंतर वेबसाइटवरून, तास मात्र त्या-त्या विमानाच्या वेळापत्रकातून, तेही जाण्याचे वेगळे आणि येण्याचे वेगळे. त्यात धावपट्टीकडे जाण्याचा वेळ आधीच धरलेला असतो, हे विशेष सोयीचं. शिवाय त्याच क्रमांकाचं विमान मागच्या आठवड्यात खरोखर किती वेळ हवेत होतं, ते फ्लाइटरडार24 या विमानांचा माग दाखवणाऱ्या साइटवर पाहते. आईच्या डोसचा कागद त्यावरूनच लिहिते: घरून निघण्यापासून भावाच्या घरी पोचेपर्यंतचे तास, इमिग्रेशनच्या रांगेसकट.

लंडनचं घड्याळ मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतं. भारताशी फरक उन्हाळ्यात साडेचार तास, हिवाळ्यात साडेपाच. हे वेबसाइट बरोबर दाखवते, मी दरवेळी तपासलंय. दोन्ही दिशांचे वेळ वेगळे दाखवले, तर उरलेले गुणही मी आनंदाने देईन.