द्राक्षमळ्यातल्या व्हिलाचे ४३,९६८ रुपये

नाशिकला द्राक्षकाढणीच्या हंगामात, म्हणजे जानेवारी ते मार्चदरम्यान, शनिवार-रविवारी वाइनरीजवळ खोली मिळणे किती कठीण असते हे प्रयत्न केलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे, आणि भामट्यांनाही नेमके तेच ठाऊक आहे. आम्हा सहा मित्रमैत्रिणींना गंगापूर धरणाच्या बाजूला दोन रात्री राहायचे होते आणि बुकिंग माझ्याकडे होते. सर्चमध्ये जाहिरात म्हणून सर्वांत वर आलेल्या संकेतस्थळावर एका खऱ्या रिसॉर्टचेच फोटो होते. फोनवरचा माणूस अदबीने, स्वच्छ मराठीत बोलत होता. वाइन चाखायला, म्हणजे टेस्टिंगला, येणाऱ्यांकडे मद्यसेवनाचा परवाना आहे ना, हेही त्याने आठवणीने विचारले. असा प्रश्न भामटा विचारेल अशी शंका कोणाला येईल?

तीन खोल्या, खोलीमागे रात्रीला ७,१०० रुपये, एकूण ४२,६००. निम्मे, म्हणजे २१,३००, मी यूपीआयने भरले. मग ‘परत मिळणारी अनामत’ म्हणून १५,००० गेले. त्यानंतर, जीएसटी वेगळा भरल्याशिवाय सिस्टीम बुकिंग कन्फर्म करत नाही, असे सांगून १८ टक्क्यांच्या हिशेबाने ७,६६८ उकळले.

क्यूआर स्कॅन केल्यावर, पिन टाकण्याआधी, खातेदाराचे बँकेत नोंदलेले नाव पडद्यावर येते. तिथे रिसॉर्टचे नव्हे, एका व्यक्तीचे नाव होते. मी विचारलेही. “मॅडम, ते आमच्या अकाउंटंटचं खातं आहे, कंपनीच्या खात्याची आजची लिमिट संपली,” असे उत्तर आले, आणि ग्रुपवर “झालं का बुकिंग?” अशी विचारणा सतत चालू असताना ते पटण्यासारखेच होते. तिसऱ्या वेळी नाव आणखी वेगळे होते. ते ठळक अक्षरांतले नाव माझ्या डोळ्यांसमोरून अजून हलत नाही. खात्यावर व्यवसायाचे नाव नसेल तर एक रुपयाही पाठवू नका, समोरचा कितीही गोड बोलो.

कराचा आकडाही खोटाच होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून रात्रीला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी ५ टक्के आहे. १८ टक्के त्याहून महाग खोल्यांना लागतो. पावतीवरचा जीएसटी क्रमांक ०७ ने सुरू होत होता, म्हणजे दिल्लीचा; महाराष्ट्रातल्या नोंदणीचा २७ ने सुरू होतो. हा पंधरा अक्षरी क्रमांक जीएसटीच्या पोर्टलवर टाकला की तो कोणाच्या नावावर आहे हे फुकटात कळते. पण सहल ठरवताना कोणी करसल्लागार होऊन बसत नाही, आणि हे लोक त्यावरच जगतात.

फसवणूक कळताच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तुम्हीही आधी तेच करा, कारण पैसे पुढच्या खात्यांत वळते होण्यापूर्वी जेवढे गोठवले जातील तेवढेच हाती लागण्याची शक्यता असते. माझ्या बाबतीत ३,११२ रुपये गोठले. त्यानंतर जे सुरू झाले ते मूळ फसवणुकीइतकेच संतापजनक होते. जवळच्या पोलीस ठाण्याने सायबर शाखेकडे पाठवले. तिथे “व्हिला नाशिकला ना, मग तिकडे जा” असे सांगण्यात आले. गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला तरी फिर्याद नोंदवून घेणे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार बंधनकारक आहे, हे मी, एका सामान्य नागरिकाने, गणवेशातल्या माणसाला सांगायचे, आणि त्याने “कायदा आम्हाला शिकवू नका” म्हणायचे! बँकेचे म्हणणे, पिन तुम्हीच टाकलात, तेव्हा हा अनधिकृत व्यवहार ठरत नाही. गोठवलेल्या रकमेसाठी बँक पोलिसांचे पत्र मागते आणि पोलीस बँकेचे.

माणशी ७,३२८ रुपये बुडाले. मित्रांनी पैसे मागितले नाहीत, तरी मी ते सगळ्यांना परत केले. त्यांच्या समजूतदार गप्प बसण्यापेक्षा ते सोपे होते. खऱ्या रिसॉर्टचा नंबर शेवटी त्यांच्या वाइनच्या बाटलीवरच्या लेबलवरून मिळाला. तुम्ही बुकिंगच्या आधी तो असाच शोधा, सर्चमधल्या जाहिरातीवरून नव्हे. त्या जाहिरातीची तक्रारही मी केली होती. “नियमांचा भंग आढळला नाही” असे उत्तर आले आहे.