ठेव म्हणून दिलं, पावतीवर दान निघालं

चांगली चाललेली नोकरी आणि स्वतःचं घर सोडून एखाद्या साधना केंद्रात कायमचं राहायला जायचं तुमच्या मनात पक्कं होत आलं असेल, तर राजीनाम्यावर सही करण्याआधी हे वाचा. मी ते करून बाहेर पडलो आहे. देवावरचा विश्वास उडाला म्हणून लिहीत नाही, तो आहे तिथेच आहे. पैसे गेले.

केंद्राचं नाव देत नाही, कारण प्रकरण वकिलांकडे आहे. शिवाय पाटी बदलली तरी पद्धत हीच असते.

सुरुवातीचं शिबिर मोफत. पहिल्याच दिवशी चारपाच जण तुम्हाला नावाने हाक मारायला लागतात, घरच्यांच्या दुखण्याखुपण्याची चौकशी करतात. बऱ्याच वर्षांत कोणी इतकं लक्ष देऊन आपलं ऐकलेलं नसतं, त्यामुळे बरं वाटतंच. पुढच्या शिबिरात एक कागद हातात येतो. आमच्याकडे त्याला ‘आसक्तीपत्रक’ म्हणत. थोडा वेळ डोळे मिटून बसायचं आणि मग ज्या ज्या गोष्टीत जीव अडकलाय ती लिहून काढायची. माणसं मनापासून लिहितात. मीही लिहिलं: घर कोणाच्या नावावर, कर्ज किती उरलंय, मुदत ठेवी कुठे कुठे, नोकरी सोडल्यावर हातात काय येणार. शेजारच्या बाई तर रडत रडत लिहीत होत्या. शेवटी ते सगळे कागद आमच्यादेखत जाळले. जाळण्याआधी त्यांतले आकडे एका वहीत उतरवून घेतले होते, हे मला फार पुढे कळलं.

मग घाई सुरू होते. ‘योग आत्ताच आहे’, ‘मन पुन्हा मागे खेचेल’, ‘घरच्यांना सांगाल तर ते अडवणारच’. आमच्या संचालकांचं एक आवडतं वाक्य होतं: परतीचे दोर कापल्याशिवाय समर्पण पूर्ण होत नाही. ऐकायला भारदस्त वाटतं. पण दोर कापले गेले की त्यात फायदा कोणाचा, एवढं एकच त्या वाक्याला विचारून पाहा.

घर विकून आलेली रक्कम मी केंद्राकडे दिली ती ‘ठेव’ म्हणून. कधी मन बदललं तर परत मिळेल, असं दोन जणांसमोर सांगितलं गेलं. पावती नंतर आली, तीही एका कार्यक्रमाच्या गडबडीत, इतर चार कागदांबरोबर. वर केंद्राचं चिन्ह, मध्ये रक्कम, आणि खाली बारीक अक्षरात: ‘स्वेच्छेने, कोणत्याही दबावाशिवाय, परत न मागण्याच्या अटीवर दिलेले दान.’ त्याच्या दुय्यम प्रतीवर माझी सही. मूळ प्रमाणपत्रं आणि ओळखपत्रंही ‘जपून ठेवायला’ त्यांच्याकडेच गेली.

मी हिशेबातला माणूस, म्हणून सेवाही कार्यालयातच मिळाली. तिथे सगळी खतावणी चाळली, ठेवींचं खातंच नव्हतं. आलेला प्रत्येक पैसा दान, आणि त्यातून घेतलेल्या जमिनी संस्थेच्या नावावर नसून दोन व्यक्तींच्या. विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, ‘हा प्रश्न तुम्ही विचारत नाही, तुमचा अहंकार विचारतोय.’ त्यानंतर माझी बदली बागेत झाली आणि बोलणारे गप्प झाले. एकाच छताखाली राहून कोणी तोंडाकडे न पाहणं हे मारहाणीपेक्षा वाईट असतं, तुम्हाला पटो न पटो.

बाहेर आल्यावर वकिलांनी पहिली गोष्ट विचारली, बाहेर कधी पडलात? मग त्यांनी इंग्लंडमधला एक जुना खटला सांगितला, ऑलकार्ड विरुद्ध स्किनर, 1887 चा. एक बाई धार्मिक भगिनीसंघात गेली, दारिद्र्याचं व्रत म्हणून सगळी मालमत्ता प्रमुख भगिनीला दिली. वरिष्ठांच्या परवानगीशिवाय बाहेरच्या कोणाचा सल्ला घ्यायचा नाही, असा तिथला नियम होता. ती 1879 मध्ये बाहेर पडली आणि पैशांसाठी दावा लावला 1885 मध्ये. अवाजवी प्रभावाखाली दिलेलं दान रद्द होऊ शकलं असतं, असं अपील न्यायालयाने मानलं. तरी बहुमताने निकाल तिच्या विरुद्ध गेला, कारण तिने फार उशीर केला होता. म्हणून सांगतो, बाहेर पडलात तर ‘आधी मन सावरू दे, मग बघू’ करू नका. रक्कम परत हवी असं लेखी पत्र त्याच आठवड्यात पाठवा आणि त्याची पोच ठेवा. मन काय, नंतर सावरता येतं.

तिथे असताना मला वाटायचं, सर्वस्व सोडायचं म्हणजे असंच एका फटक्यात सोडायचं असतं. नंतर वाचून पाहिलं तर जुन्या परंपरा याबाबतीत बऱ्याच सावध निघाल्या. बौद्ध संघात उपसंपदेच्या, म्हणजे भिक्षू म्हणून पूर्ण दीक्षा देण्याच्या, वेळी विचारतात: तू ऋणमुक्त आहेस का? आईवडिलांची परवानगी आहे का? कॅथलिक संघांत 1983 च्या धर्मसंहितेप्रमाणे किमान 12 महिने उमेदवारीचे, मग किमान 3 वर्षं तात्पुरत्या व्रतांची, आणि त्यानंतर कायमची व्रतं. पहिल्या व्रतांआधी आपल्या मालमत्तेचा कारभार हवा त्याच्याकडे सोपवायचा असतो, संघाकडेच द्या अशी सक्ती नाही. म्हणजे शतकानुशतकं माणसं घेणाऱ्यांना घाई नाही, आणि कालच्या केंद्राला पुढच्या आठवड्यात खरेदीखत हवं!

तेव्हा जायचंच असेल तर बिनपगारी रजा काढून जा, घर भाड्याने द्या, विकू नका. एवढं ऐकूनच समोरच्याचा चेहरा उतरला, तर तिथे जायचं नाही हे ठरलं समजा. ‘ठेव’ म्हणत असतील तर तो शब्द पावतीवर लिहून मागा. आणि घरातल्या सगळ्यांत चिकित्सक माणसाला एकदा सोबत न्या, त्याला आत येऊ देतात का बघा.

आणखी एक. शिबिरांत ‘मी सर्व का सोडलं’ अशा अनुभवांचे व्हिडिओ दाखवतात. माझाही आहे, नोटीस पाठवूनही तो काढलेला नाही, मागच्या महिन्यात कोणीतरी पाहून आलं. असे व्हिडिओ दाखवले की त्यांतली माणसं आज कुठे आहेत ते विचारा, आणि त्यांच्याशी एकट्याने बोलायला मागा.