दागिने काढायला सांगणारा ‘पोलिस’

गेल्या वर्षी पुण्यात माझ्या आईच्या पाटल्या आणि मंगळसूत्र भरदिवसा गेले, आणि तेही कोणी हिसकावून नेल्यामुळे नव्हे, तर तिने ते स्वतःच्या हाताने काढून दिल्यामुळे. पूजा आटोपून देवळात जायचे हा तिचा अनेक वर्षांचा नेम. वेळ ठरलेली, वाटही ठरलेली, आणि त्या सुमारास आमची गल्ली जवळपास निर्मनुष्य असते.

साध्या वेशातील एका दुचाकीस्वाराने तिला थांबवले, ओळखपत्र क्षणभर डोळ्यांसमोरून फिरवले आणि ‘मावशी, पुढच्या चौकात लूटमार झाली आहे, एवढे सोने घालून कशाला फिरता?’ असे दरडावले. तेवढ्यात आलेल्या एका वाटसरूलाही त्याने हटकले. त्या गृहस्थाने निमूटपणे गळ्यातली साखळी काढून कागदाच्या पुडीत बांधून घेतली. हा वाटसरू त्याचाच साथीदार होता, परंतु ते पाहून आईच्या मनातली उरलीसुरली शंका गेली. तिची पुडी तोतयाने मोठ्या आपुलकीने पिशवीत ठेवली. घरी उघडली, तर आत खडे निघाले.

ती बेफिकीर होती, असे कोणी समजू नये. साखळीचोरांच्या भीतीने ती नेहमी गळ्याभोवती पदर घट्ट लपेटून चालत असे. तोतयांनी नेमकी ही सावधगिरीच हेरली. अंगावर सोने घालून फिरू नका, हे खरे पोलिसही सांगतात. मात्र ते भर रस्त्यात दागिने उतरवायला लावत नाहीत आणि पुडी बांधून देण्याचे काम तर मुळीच करत नाहीत.

लॉरेन्स कोहेन आणि मार्कस फेल्सन या अमेरिकी अभ्यासकांनी 1979 मध्ये असे मांडले होते की, गुन्हेगार, सोयीचे सावज आणि राखणदाराचा अभाव या तीन गोष्टी एका वेळी एका जागी आल्या की गुन्हा घडतो, आणि त्या एकत्र येण्यात आपल्या नित्यक्रमाचा मोठा वाटा असतो. आमच्या गल्लीने त्यासाठी वेगळा पुरावा शोधायला लावला नाही.

कोणी असे अडवल्यास दागिन्यांना हात न लावता ‘जे काही असेल ते पोलिस ठाण्यात बोलू’ असे ठणकावून सांगावे, जवळच्या दुकानात शिरावे आणि 112 क्रमांकावर फोन करावा. पोलिस असल्याची बतावणी करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 204 खाली गुन्हा आहे, त्यामुळे दागिने वाचले तरी तक्रार अवश्य द्यावी. आई आता शेजारच्या काकूंबरोबर, वेळ बदलून जाते, आणि पाटल्या बँकेच्या लॉकरमध्ये असत्या तर बरे झाले असते, हे तिला कोणी ऐकवलेले चालत नाही.